शेड बांधताय? पत्र्याचा भाव विचारण्याआधी पायाचा हिशोब मांडा

हिर्डोशी (ता. भोर) : भाताची काढणी उरकली, मळणी झाली की हिर्डोशी खोऱ्यात दोन कामं निघतात, घरदुरुस्ती आणि शेड. ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर दारात उभा असतो, भाताची पोती पडवीत मावत नाहीत, वैरण ताडपत्रीखाली भिजते. मग शेतकरी भोरला किंवा शिरवळला जातो, फॅब्रिकेटरला विचारतो, ‘वीस बाय तीसची शेड कितीत होईल?’ तो एक आकडा सांगतो. तेवढे पैसे जुळवून काम सुरू होतं आणि निम्म्यात अडकतं. खांब उभे राहतात, पत्रा पडतो, पण खाली चिखलच. नाहीतर उलटं होतं. पैसे पुरावेत म्हणून पाया उथळ घेतला जातो आणि पहिल्याच वळवाच्या वाऱ्यात छप्पर शेजारच्या वावरात जाऊन पडतं.

दोन्हीचं कारण एकच. फॅब्रिकेटरने सांगितलेला आकडा लोखंड, पत्रा आणि त्याच्या मजुरीचा असतो. तो शेडचा खर्च नसतो. शेडचा खर्च त्याच्या पावणेदोनपट ते दुप्पट जातो. कसा, ते एका साध्या शेडचं उदाहरण घेऊन पाहू.

आधी ठरवा, आत काय ठेवणार?

शेडची लांबी-रुंदी शेजाऱ्याच्या शेडवरून ठरवू नये. आत काय जाणार याची यादी करावी. नेहमीचा ट्रॅक्टर ११-१२ फूट लांब आणि ६ फूट रुंद धरला तरी त्याच्या बाजूने माणूस फिरायला, मागे रोटाव्हेटर जोडायला जागा लागते. ट्रॉलीसकट आत घ्यायचा असेल तर लांबी दुप्पट होते. दार १० फुटांपेक्षा अरुंद ठेवलं तर रोज घासाघीस. ट्रॅक्टरला छत असेल तर उंचीही आधीच मोजावी.

भाताची पोती भिंतीला टेकवून किंवा थेट जमिनीवर ठेवायची नसतात. खाली लाकडी फळ्या आणि भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर हवं. भातातला ओलावा १४ टक्क्यांच्या खाली आणूनच थप्पी लावावी, नाहीतर शेड कितीही चांगली असली तरी आत माल तापतो, वास धरतो आणि भरडताना इंद्रायणीचा तुकडा जास्त पडतो. युरिया आणि इतर खतं लोखंडाला खातात, ती खांबापासून लांब ठेवावीत. पेंढा आणि डिझेल एका छपराखाली ठेवूच नये.

या लेखात २० फूट रुंद आणि ३० फूट लांब, बाजूने १२ फूट उंच, दुपाखी छपराची शेड धरली आहे. म्हणजे ६०० चौरस फूट. एक ट्रॅक्टर, अवजारं आणि एका घराचं भात एवढ्याला ती पुरते.

जागा कुणाची, हद्द कुणाची?

शेतात अवजारं, खतं, शेतमाल ठेवायला किंवा जनावरं बांधायला केलेलं बांधकाम महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये ‘शेत इमारत’ या व्याख्येत येतं. कलम ४१ शेतकऱ्याला अशी इमारत आपल्या शेतजमिनीवर उभारण्याचा हक्क देतं, काही ठराविक क्षेत्रांत मात्र त्यासाठी परवानगी घ्यावी लागते. पण तीच शेड भाड्याने गोदाम म्हणून दिली, त्यात गॅरेज किंवा दुकान काढलं, तर तो शेतीचा वापर राहत नाही. मग बिगरशेतीचा विषय येतो, दंडही होऊ शकतो. पुढे धंदा करायचा विचार असेल तर आधीच तहसील कार्यालयात विचारून घ्यावं.

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांचा काही भाग पीएमआरडीएच्या हद्दीत येतो. आपलं गाव त्यात आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारलं की कळतं. हद्दीत असेल तर बांधकामाचे नियम वेगळे.

नीरा-देवघर धरणाच्या काठच्या गावांनी आणखी एक गोष्ट पाहावी. पाणी खाली गेलं की जमीन मोकळी दिसते, काहीजण तिथे पीकही घेतात. पण संपादित झालेल्या जमिनीत पक्कं बांधकाम करणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. सातबाऱ्यावर जमीन सामाईक असेल तर भाऊबंदांची लेखी संमती घ्यावी. लाखाची शेड उभी राहिल्यावर वाटणीचा वाद निघाला तर शेड उचलून नेता येत नाही. वरून विजेची तार जात असेल तर ती जागाच सोडावी.

शेड खाली पडत नाही, वर उडते

लोकांना वाटतं शेडचं वजन पेलायला पाया लागतो. खरं तर पत्र्याच्या शेडचं वजन फार नसतं. आपल्या उदाहरणातल्या शेडचं लोखंड सुमारे १,२०० किलो आणि पत्रा तीन-साडेतीनशे किलो, म्हणजे सगळी मिळून दीड टन. पाया लागतो तो वाऱ्याने शेड वर उचलू नये म्हणून.

भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात प्रत्येक प्रदेशासाठी वाऱ्याचा मूळ वेग दिलेला आहे. पुण्यासाठी तो सेकंदाला ३९ मीटर आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. एवढ्या वेगाच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर सुमारे ९३ किलो होतो. ६०० चौरस फूट म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. ढोबळ मानाने धरलं तरी छपराला वर ओढणारी ताकद ५ टनांच्या पुढे जाते. शेडचं स्वतःचं वजन दीड टन. उरलेले साडेतीन टन धरून ठेवायचं काम पायातल्या काँक्रीटचं.

आता हिशोब पाहा. काँक्रीटचा घनमीटर २,४०० किलोचा भरतो. आपल्या शेडला ८ खांब आहेत.

- खड्डा दीड बाय दीड बाय २ फूट घेतला तर एका खांबाखाली सुमारे ३०० किलो काँक्रीट. आठ खड्डे मिळून २,४०० किलो. शेडसकट वजन ४ टनसुद्धा होत नाही. उचलणारी ताकद ५ टन. शेड हलणार.
- खड्डा दोन बाय दोन बाय ३ फूट घेतला तर एका खांबाखाली सुमारे ८०० किलो. आठ खड्डे मिळून साडेसहा टन. शेडसकट ८ टन. शेड बसून राहणार.

दोन्हींतला फरक साठ घनफूट काँक्रीटचा, म्हणजे चौदा पोती सिमेंट आणि त्याची वाळू-खडी. पैशात आठ-नऊ हजार रुपये. तेवढे वाचवायला जाऊन तीन लाखांची शेड धोक्यात घालायची का, हा खरा प्रश्न आहे.

वरचा हिशोब ढोबळ आहे. डोंगराच्या धारेवर, खिंडीच्या तोंडाशी, घाटमाथ्यावर वारा सपाटीपेक्षा जोरात लागतो आणि मानकातही त्यासाठी आकडा वाढवायला सांगितलेला आहे. शेड तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडी असेल तर ती सर्वांत अवघड, कारण वारा आत शिरून छपराला खालून ढकलतो आणि बाहेरचा वारा वरून ओढतो. अशा जागी इंजिनिअरकडून खड्ड्याचं आणि खांबाचं माप काढून घ्यावं. त्याला लागणारे दोन-चार हजार रुपये खर्चातच धरावेत.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. समुद्र इथून लांब, पण पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातही घरांचे, शाळांचे, गोठ्यांचे पत्रे उडाले. अशा नुकसानीत सरकारची मदत किती मिळते, तेही माहीत असावं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत घराला लागून असलेल्या गोठ्यासाठी ३ हजार रुपये धरले आहेत. तेवढ्यात नवा पत्रा तर सोडाच, पडलेला उचलायची मजुरीही भागत नाही.

लोखंड : इंच नको, मिलिमीटर आणि किलो विचारा

‘चार बाय चारचा पाइप टाकतो’ एवढं ऐकून शेतकरी खूश होतो. पण चार बाय चारचा पाइप ३ मिलिमीटर जाडीचाही असतो आणि ४ मिलिमीटरचाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. वजनात फरक पडतो. १०० बाय १०० मिलिमीटरचा ३ मिलिमीटर जाड पाइप मीटरला सुमारे ९ किलो भरतो आणि ४ मिलिमीटरचा पावणेबारा किलो. गेजच्या भाषेत बोललं की घोळ होतो, म्हणून कागदावर मिलिमीटरच लिहून घ्यावं.

पाइपचं वजन घरी काढता येतं. चारी बाजूंची बेरीज मिलिमीटरमध्ये करा, तिला जाडीने गुणा, मग ०.००७८५ ने गुणा. मीटरला किती किलो ते येतं. खरं वजन त्याहून किंचित कमी भरतं. गोल सळईसाठी व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागा.

आपल्या शेडचं लोखंड असं :

- ८ खांब, १०० बाय १०० बाय ४ मि.मी., प्रत्येकी साडेबारा फूट : सुमारे ३५७ किलो
- ४ कैच्या, प्रत्येकी सुमारे ९० किलो : ३६० किलो
- पर्लिन ८ ओळी, ३२ फूट लांब, ८० बाय ४० बाय २.५ मि.मी. : सुमारे ३५० किलो
- बेस प्लेट, तिरके ताण, जोडणीचे तुकडे : सुमारे १३० किलो

एकूण साधारण १,२०० किलो. म्हणजे चौरस फुटाला २ किलो. फॅब्रिकेटरचा आकडा यापेक्षा फार खाली आला तर कुठेतरी जाडी कमी केली आहे हे समजावं.

काहीजण खर्च वाचवायला चारऐवजी तीन कैच्या घेतात. मग दोन कैच्यांतलं अंतर १० फुटांवरून १५ फुटांवर जातं आणि त्याच पर्लिनवर वाऱ्याचा ताण सव्वादोनपट होतो. पर्लिन जाड घ्यावी लागते. खांब-कैचीत वाचलेले पैसे तिथे जातात. पर्लिन तीच ठेवली तर ती वाकते.

तिरके ताण म्हणजे खांबांच्या मधले एकमेकांना छेद देणारे अँगल किंवा सळया. ते नसले तर शेड लांबीच्या दिशेने डोलते. वेल्डर हे काम ‘नंतर टाकू’ म्हणून सोडतो. ते आधीच लिहून घ्यावं.

गाडी आली की शक्य असेल तर रिकामी आणि भरलेली दोन्ही वेळा वजनकाट्यावर न्यावी. काट्याची पावती पाचपन्नास रुपयांत मिळते. पाइपवर आयएसआय खूण आहे का तेही पाहावं.

पत्रा : जमिनीएवढा पत्रा पुरत नाही

जमीन ६०० चौरस फूट म्हणून पत्राही ६०० चौरस फूट, असा हिशोब बरेचजण करतात. छप्पर उताराचं असतं आणि ते बाहेर येतं. आपल्या पावसाला उतार कमीत कमी तीन फुटाला एक फूट असावा. २० फूट रुंदीला मधली उंची सव्वातीन-साडेतीन फूट येते आणि एका पाखीला १२ फुटांचा पत्रा लागतो. त्यात कडेला सव्वा-दीड फूट छप्पर बाहेर येतं. लांबीच्या दोन्ही टोकांना फूटफूट बाहेर धरलं तर ३२ फूट. पत्रा साडेतीन फूट रुंद असला तरी एकावर एक चढवल्यावर तो सव्वातीन फूटच झाकतो. म्हणजे एका पाखीला १० आणि दोन्हींना मिळून २० पत्रे. एकूण ८४० चौरस फूट. जमिनीपेक्षा चाळीस टक्के जास्त.

१२ फुटांचा एकसलग पत्रा मागवावा. दोन तुकडे जोडले की जोडातून पाणी आलंच.

पत्र्यातही दोन गोष्टी पाहायच्या, जाडी आणि वरचा थर. गॅल्व्हल्यूम म्हणतात त्या पत्र्यावर ५५ टक्के अॅल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त असलेला थर असतो. बिलावर एझेड १५० लिहिलं असेल तर दोन्ही बाजूंना मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम थर. एझेड ७० असेल तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. रंग सारखाच दिसतो. चार महिने ओल राहणाऱ्या भागात फरक काही वर्षांनी गंजाच्या रूपाने दिसतो. जाडीही रंगासकट की रंगाशिवाय, हे विचारावं.

स्क्रू रबरी वॉशरचेच घ्यावेत आणि ते छपराच्या कडांना व कोपऱ्यांत जवळजवळ मारावेत. वारा छप्पर उचलतो तो आधी कोपऱ्यातून. स्क्रूचा खर्च एकूण खर्चात किरकोळ असतो, तिथे काटकसर करून काही हाती लागत नाही.

पाणी आणि झड

दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस हिर्डोशी भागात नवलाचा नाही. त्या दिवशी या एका छपरावरून जवळपास ६,८०० लिटर पाणी खाली येतं, प्रत्येक पाखीवरून ३,४०० लिटर. पन्हळ नसेल तर ते सगळं खांबाच्या मुळाशी पडतं आणि खड्ड्याची माती सैल करतं. म्हणून पन्हळ, खाली आणणारा पाइप आणि पुढे चर हे तिन्ही खर्चात हवेत. मोठी टाकी ठेवली तर तेच पाणी जनावरांना आणि धुण्याला वापरता येतं.

पावसाळ्यात वारा पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो. उघडी बाजू पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवावी. पश्चिमेची लांब बाजू आणि दक्षिणेची आखूड बाजू पत्र्याने बंद करायची असेल तर आणखी ६३० चौरस फूट पत्रा आणि दीडशे किलोच्या आसपास लोखंड वाढतं. पुढच्या हिशोबात ते धरलेलं नाही, त्याला साधारण ४० हजार वेगळे धरावेत. बाजू बंद केल्या की वर सांगितल्याप्रमाणे पायाचं मापही पुन्हा तपासावं लागतं.

जोतं निदान दीड फूट उंच घ्यावं. खांबाचं लोखंड थेट मातीत किंवा कोब्यात पुरू नये. काँक्रीटचा ठोकळा जमिनीच्या वर अर्धा-एक फूट आणून त्यावर बेस प्लेट आणि बोल्ट घ्यावेत. गोठा असेल तर हे जास्तच गरजेचं, कारण गोमूत्राने लोखंड बुडापासून सडतं.

सगळा खर्च एका कागदावर

खालचे दर फक्त हिशोब समजावा म्हणून धरले आहेत. लोखंडाचा भाव आठवड्याला हलतो. आपल्या दुकानदाराचा आजचा दर टाकून गुणाकार पुन्हा करावा, मापं मात्र हीच राहतील.

१. लोखंड १,२०० किलो, ६५ रुपये दराने : ७८,०००
२. फॅब्रिकेशन व उभारणी, किलोला २० रुपये : २४,०००
३. पत्रा ८४० चौ. फूट, ४५ रुपये : ३७,८००
४. कोन्या, स्क्रू, पन्हळ, पाइप : १२,०००
५. प्रायमर व रंग : ६,०००

इथपर्यंतची बेरीज १,५७,८०० रुपये. फॅब्रिकेटर सांगतो तो आकडा साधारण हाच. आता पुढचं :

६. सिमेंट ७० पोती (खड्डे २२, चार इंची कोबा ४५, बाकी सांडलवंड), ३८० रुपये : २६,६००
७. क्रश सँड दीड ब्रास, ५,००० रुपये : ७,५००
८. खडी पावणेतीन ब्रास, ४,००० रुपये : ११,०००
९. मुरूम ९ ब्रास, १,५०० रुपये : १३,५००
१०. जोत्याचं दगडी बांधकाम १०० फूट, ३०० रुपये : ३०,०००
११. खड्डे, काँक्रीट, कोबा यांची मजुरी : १५,०००
१२. वाहतूक : १२,०००
१३. वायरिंग आणि अर्थिंग : ८,०००

एकूण २,८१,४०० रुपये. त्यात दहा टक्के हाताशी धरले तर ३ लाख १० हजारांच्या घरात. चौरस फुटाला साधारण ५१५ रुपये. म्हणजे फॅब्रिकेटरचा आकडा खऱ्या खर्चाच्या निम्म्याहून थोडा जास्त आहे, बाकीचं शेतकऱ्याने स्वतः जुळवायचं असतं.

दर विचारताना ‘जीएसटीसकट का?’ हा प्रश्न पहिला विचारावा. लोखंडावर १८ टक्के जीएसटी आहे. ६५ रुपये दर जीएसटी सोडून असेल तर किलोला ७६ रुपये ७० पैसे पडतात आणि १,२०० किलोमागे १४,०४० रुपये वाढतात. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा जुन्या अंदाजपत्रकावर विसंबू नये. वाहतुकीचा आकडा गावागणिक बदलतो. रस्त्यापर्यंत गाडी येते आणि पुढे वावरापर्यंत माल डोक्यावर न्यावा लागतो, तिथे ढुलाई वेगळी धरावी.

पैसे कमी असतील तर काय मागे ठेवायचं?

सगळं एकदम करायची गरज नाही. पाया, खांब, कैच्या, पर्लिन आणि छप्पर हे एका दमात आणि पूर्ण मापाने करावं. कोबा पुढच्या वर्षी केला तरी चालतो, तोवर मुरूम चोपून घ्यावा. बाजूचे पत्रे नंतर लावता येतात, पण ते लावायचे आहेत हे धरून पाया आताच मोठा घ्यावा. जोत्याला घरचा दगड आणि घरचे हात लागले तर दहा-पंधरा हजार सहज वाचतात.

ज्यात काटछाट करायची नाही त्या गोष्टी चार : खड्ड्याचं माप, पर्लिनची जाडी, तिरके ताण आणि स्क्रू. या दुरुस्त करायच्या तर उभी शेड उतरवावी लागते.

कर्ज आणि योजना

पीककर्जाचे पैसे शेडमध्ये घालण्याचा मोह टाळावा. ते वर्षात फिरवावं लागतं. वेळेत भरलं तरच ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा फायदा मिळतो. शेडमधून वर्षात तेवढे पैसे परत येत नाहीत, मग कर्ज थकतं आणि सवलतही जाते. शेडसाठी मुदतीचं कर्ज वेगळं घ्यावं. दीड लाख रुपये १० टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी घेतले तर महिन्याला सुमारे ३,१९० रुपये हप्ता आणि एकूण ४१ हजारांच्या आसपास व्याज. तेच १४ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ३,४९० आणि व्याज ५९ हजारांच्या वर. भातशेतीचा पैसा वर्षातून एकदा येतो, म्हणून महिन्याऐवजी सहामाही किंवा वार्षिक हप्ता मिळतो का, ते बँकेत किंवा सोसायटीत विचारावं.

माल साठवणुकीचं गोदाम किंवा अवजारं भाड्याने देण्याचं केंद्र काढायचं असेल तर केंद्राचा कृषी पायाभूत सुविधा निधी पाहावा. २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षांपर्यंत वर्षाला ३ टक्के व्याज सवलत आहे. घरच्या एका ट्रॅक्टरसाठीची शेड यात धरून चालू नये.

गोठ्यासाठी राज्याने ३ फेब्रुवारी २०२१ रोजी शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आणली. रोजगार हमीतून २ ते ६ जनावरांच्या पक्क्या गोठ्याला ७७,१८८ रुपये, १० शेळ्यांच्या शेडला ४९,२८४ रुपये आणि १०० पक्ष्यांच्या शेडला ४९,७६० रुपये अशा रकमा त्यात आहेत. गोठ्याचं माप ठरलेलं आहे, ७.७ मीटर लांब आणि ३.५ मीटर रुंद. रोजगार हमीचे नियम बदलत असतात, आज काय चालू आहे ते ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत विचारूनच अर्ज करावा. मंजुरीआधी काम सुरू करू नये. आणि अनुदान हाती येईपर्यंत ते खर्चाच्या कागदात जमेला धरू नये.

कागद आणि वेळापत्रक

तोंडी व्यवहारात शेवटी भांडण होतं. साध्या कागदावर का होईना, हे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात : प्रत्येक पाइपचं माप मिलिमीटरमध्ये, अंदाजे किलो, पत्र्याची जाडी आणि थर, रंगाचे हात किती, वाहतूक कुणाची, वीज कुणाची, काम किती दिवसांत. पैसे टप्प्याने द्यावेत. थोडे माल जागेवर आल्यावर, थोडे सांगाडा उभा राहिल्यावर, थोडे पत्रा बसल्यावर. शेवटचे दहा टक्के एक पाऊस झाल्यावर द्यायचे ठरलं तर गळती काढायला माणूस परत येतो.

बिलं आणि शेडचे फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवावेत. वादळात नुकसान झालं तर पंचनाम्याला आणि विमा काढला असेल तर विम्याला तेच लागतात.

कामाला दिवाळीनंतर सुरुवात करावी. भात निघालेलं असतं, वावर सुकलेलं असतं, गाडी आत येते. पाया पौष-माघात घ्यावा आणि काँक्रीटला निदान सात दिवस, उन्हाचा ताव असेल तर दहा-चौदा दिवस पाणी मारावं. पाणी न मारलेला पाया वरून टणक दिसतो, आतून भुगा राहतो. चैत्रात सांगाडा, वैशाखाच्या आत पत्रा. मे महिन्यात घाई केली तर वेल्डर मिळत नाही, भाव चढे असतात आणि अर्धवट पत्रे लावलेल्या शेडला वळवाचा वारा सोडत नाही. रोहिण्या लागायच्या आधी एकदा वर चढून प्रत्येक स्क्रू आणि खाली उतरून प्रत्येक बोल्ट आवळून घ्यावा. हे काम एका दिवसाचं आहे, आणि ते दरवर्षी करायचं आहे.